टमाट्यांच्या मुळाशी

त्या पेंडवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही. त्याचं दुकान मोडलं, तोही गेला, पण माझ्या मनातली आढी गेली नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो. त्यानं मला फसवलं, आणि तेही माझ्याच हातानं शिवलेल्या पोत्यात माल घालून.

माझा धंदा बारदानाचा. रिकामी पोती गोळा करायची, झटकायची, फाटकी असतील ती दाभणानं शिवायची आणि पुन्हा व्यापाऱ्यांना विकायची. त्याआधी मी सोलापूरच्या मालधक्क्यावर हमाल होतो. ओझी वाहता वाहता मला पोतं ओळखायची सवय लागली. कुठलं पोतं साखरेचं, कुठलं करडईचं, कुठलं पावसात भिजून वाळवलेलं, हे मी डोळे मिटून नुसत्या वासावर सांगत असे. त्या ओळखीवरच मी वर आलो. शुक्रवार पेठेत चार खोल्यांचं घर घेतलं, मागं परसू होतं. त्या घरासाठी मला कुणी पै दिली नाही आणि कुणी शब्दही टाकला नाही.

मुलगी एकच. तेव्हा पंधरावं लागलं होतं. मुलींच्या शाळेतल्या बाईंनी तिला कागदाच्या पुडीत टमाट्याचं बी दिलं होतं. टमाटे त्या काळी आमच्या गल्लीत कुणी खात नसे. ते साहेबांच्या बंगल्यांवर जायचे. लोक त्यांना विलायती वांगी म्हणायचे आणि कापल्यावर आतलं लाल बघून बायका तोंड फिरवायच्या. आम्ही लिंगायत, मांसाला न शिवणारे. माझी बायको म्हणाली, "परसात काय लावायचं ते लाव. माझ्या चुलीपाशी आणायचं नाही."

मुलीनं अश्विनात बी टाकलं. चहाचं एक मोडकं खोकं होतं, त्यात जुनं शेणखत चाळून घातलं, वर चिमूट चिमूट राख. उन्हाच्या वेळी त्यावर माझ्याच दुकानातला गोणपाटाचा तुकडा आडवा टाकायची, ऊन उतरलं की काढायची. रोपं बोटभर झाल्यावर शेण पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, अगदी पातळ करून घालायची. मी म्हटलं, "अगं, घट्ट घाल की. शेणाला काय तोटा आहे?"

"जळतील, अप्पा. तान्ह्या लेकराला कुणी भाकरी देतं का? आधी पेज, मग भात."

कार्तिकात तिनं सोळा रोपं जमिनीत लावली आणि आठच दिवसांत ती खालून पिवळी पडायला लागली. आमच्या परसातली माती म्हणजे निव्वळ मुरूम, त्यात बांधकामाचा चुना. ती रोज सकाळी एकेका रोपापुढं बसून पानं उलटून बघायची. मला म्हणाली, "भुईमुगाची पेंड कुटून मुळाशी द्यायला पाहिजे. एक पोतं आणाल का?"

एक पोतं पेंड मला जड नव्हती. पण सांगितलेल्या भावात घेणं माझ्या रक्तातच नव्हतं.

पेंडवाला आमच्यातलाच, गळ्यात लिंग असलेला, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. त्यानं भाव सांगितला. मी म्हटलं, "हा भाव तुझ्या जावयाला सांग."

"जावयाला फुकट देतो, अण्णा. होता का जावई?"

लोक हसले. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "झाडाला घालायची आहे, म्हशीला नाही. वखारीत सांडलेली, झाडून काढलेली असेल तर तीही चालेल. पण भाव निम्मा."

"निम्म्यात भुसा येतो."

"तुझ्या बापानं भुशाला पेंड म्हणूनच विकलं की! वाळू घालून वजन करायचा तो. सगळ्या बाजाराला माहीत आहे."

हे मी मोठ्यानं बोललो. त्याचा बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. लोक हसायचे थांबले. पेंडवाल्यानं तराजूची दांडी हातानं धरून स्थिर केली आणि माझ्याकडं बघत राहिला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरं अण्णा, निम्म्यात न्या. आत एक पोतं आहे. बागवाल्यांसाठी ठेवलेलं. झाडाला त्यापेक्षा चांगलं काही नाही."

हमालानं आतून पोतं आणलं. मी बघितलं आणि मनात हसलो. पोतं माझंच होतं. कोपऱ्यातलं ठिगळ माझ्या हातचं, दुहेरी सुतळीचे टाके, गाठ आतल्या बाजूला. भुईमुगाच्या पेंडीचं पोतं, शेंगदाण्याच्या तेलाचा वास अजून तागात मुरलेला. तोंड सोडलं, वरची मूठ उचलून पाहिली. पेंड होती. दुसरी मूठ काढली नाही. वीस वर्षं मी पोत्यावरून माल ओळखत आलो होतो, त्या दिवशीही ओळखला. निम्म्या भावात पोतं हातगाडीवर टाकून मी बाजारातून छाती काढून घरी आलो.

मुलीनं खत घातलं ते मी ओसरीच्या पायरीवर बसून पाहिलं. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून गोल आळं उकरायचं, त्यात मूठभर खत पसरायचं, मातीत हातानं कालवायचं, वरून माती ओढायची आणि मग पाणी. बुंध्याला खताचा कणही लागू द्यायची नाही. हात मनगटापर्यंत पांढुरके झाले होते. एकदा तिनं खतातलं काहीतरी उचलून पाहिलं आणि बाजूला टाकलं. मला वाटलं खडा असेल.

पंधरा दिवसांत झाडांनी रंग बदलला. पानं काळीशार हिरवी झाली, बुंधे अंगठ्याएवढे. फुलं लागली तेव्हा तिनं दुसऱ्यांदा खत दिलं आणि पाटीत उरलेलं कडेच्या शेवंतीला आणि कण्हेरीलाही घातलं. त्याच शेवंतीची फुलं आमच्या पूजेला लागायची. आता बायकोचं मनही वळलं. पहिला टमाटा तिनं आमटीत घातला, चाखला आणि म्हणाली, "चिंचेपेक्षा बरा आहे की."

त्याच सुमारास करकंबहून सोयरिकीचा निरोप आला. मुलीसाठी आधी एक स्थळ आलं होतं ते मोडलं होतं. मोडणाऱ्यांनी गावभर सांगितलं होतं, "बाप मालधक्क्यावर हमाली करत होता. पाठीवर काय काय वाहिलं असेल कोण जाणे." त्या बोलण्याचा काटा माझ्या काळजात होता. करकंबचं घर चांगलं होतं. उसाची बागायत, मुलगा शिकलेला, शांत. पण घरात सत्ता मुलाच्या आत्याची. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, सोवळ्याची कडक. मध्यस्थानं मला बजावून सांगितलं होतं, "बाई एका घरातून पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठून आल्यात. का? तर परसात कोंबडीचं पीस दिसलं."

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला ती मंडळी सोलापुरात येणार होती. पौषात सोयरिकीचं बोलत नाहीत, पण आलोच आहोत तर मुलगी नुसती नजरेखालून घालू, असं ठरलं. मी हो म्हटलं. आनंदानं घरी येऊन दोन पेढे खाल्ले.

संक्रांतीला आठ दिवस राहिले असतील. मी सकाळी परसात तोंड धूत होतो. भिंतीच्या पडक्या भागातून एक पिवळं कुत्रं आत आलं आणि सरळ तिसऱ्या झाडापाशी जाऊन आळं उकरायला लागलं. मी तांब्या फेकून मारला. दुसऱ्या दिवशी तीन कुत्री. तीही टमाट्याच्याच मुळाशी, नंतर शेवंतीपाशी. न्हाणीजवळ खरकटं पडलेलं होतं, त्याच्याकडं एकानंही तोंड वळवलं नाही.

कुत्री हाकलून मी उकरलेल्या जागी वाकलो. ओल्या मातीत पांढरी कणी दिसत होती. मी एक चिमूट बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

तो वास मला माहीत होता. धक्क्यावर मी एकोणीस वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात दुसरं कामच मिळेना, तेव्हा दोन महिने मी हाडांची पोती वाहिली होती. गावोगावची मेलेली गुरं, शेळ्या, त्यांची हाडं गाड्या भरभरून यायची आणि गिरणीत दळली जायची. कोरडी असताना त्या भुकटीला फारसा वास नसतो. ओली झाली की येतो. आई मला दाराबाहेर बसवून लांबून अंगावर पाणी ओतायची, मगच घरात घ्यायची. आई गेल्यावर ते जाणणारं कुणी उरलं नव्हतं. बायकोलाही मी सांगितलं नव्हतं.

मी परसातच खाली बसलो.  पोतं न्हाणीच्या आडोशाला होतं. धावत जाऊन त्यात कोपरापर्यंत हात घातला. वर चार बोटं पेंड, खाली सगळी हाडांची भुकटी. आणि ती आमच्या मुलीनं उघड्या हातांनी कालवली होती. त्या भुकटीवर पोसलेल्या टमाट्यांची आमटी आम्ही जेवलो होतो. तिच्यावर फुललेली शेवंती मी रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन त्याला वाहत होतो.

पण खरं सांगतो, पापाची भीती दुसरी. पहिली भीती करकंबच्या आत्याची. कोंबडीच्या पिसाला जी बाई उठून गेली ती हाडाच्या चुऱ्याला काय करेल? आणि लोक काय म्हणतील ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. म्हणतील, हमाल तो हमालच. जुनी सवय, दुसरं काय? मग माझ्या मुलीला जन्मात कुणी विचारणार नाही.

मी तडक बाजारात गेलो. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होतो, मुठी वळलेल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की मला ओरडता येणार नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी ओरडलो असतो तर गिरणीच्या दुपारच्या भोंग्याच्या आत सगळ्या पेठेला कळलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाजारात कुजबुजलो.

"पोत्यात काय घातलंस?"

तोही तितक्याच हळू म्हणाला, "खत. बागवाल्यांचं. तसं म्हटलं होतं मी, पाच माणसांसमोर."

"तुझ्या गळ्यात लिंग आहे रे."

"माझ्या बापाच्याही होतं, अण्णा."

मी तराजूच्या आणखी जवळ सरकलो. म्हटलं, "कुणाला सांगितलंस का?"

"अजून नाही."

"काय पाहिजे तुला? बोल."

त्यानं गिऱ्हाइकाचं पुडकं बांधलं, दोरा दातानं तोडला, आणि म्हणाला, "काही नको."

धंद्यात मी कुणालाही भ्यालो नाही, कारण प्रत्येकाला काहीतरी हवं असतं आणि ते काय हे मला लवकर कळतं. ज्याला काही नको, त्याच्याशी काय बोलायचं हे मला कधीच उमगलं नाही. मी आणखी एकदा विचारलं. तो नुसता म्हणाला, "गड्ड्याला करकंबची मंडळी येतायत म्हणे तुमच्याकडं. त्यांच्या बैलांची पेंड माझ्याकडूनच जाते." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. झाडं उपटून टाकावीत असं पहिल्यांदा मनात आलं. पण ती टमाट्यांनी लगडलेली होती. उपटली तर बायको विचारणार, मुलगी विचारणार, भिंतीपलीकडची शेजारीण विचारणार. शिवाय उपटून काय होणार होतं? खत मातीत होतं. मी बाभळीचे काटे आणून प्रत्येक आळ्याभोवती रोवले. भिंतीचं भगदाड दगडांनी बुजवलं. उरलेलं पोतं गाडीत घालून ओढ्यापलीकडं नेऊन पुरलं. बायको म्हणाली, "एवढं कसलं भ्यायचं कुत्र्यांना? पाहुणे काय झाडं बघायला येतायत?" मी तिच्यावर असा ओरडलो की ती दोन दिवस बोलली नाही.

सकाळी पूजेला बसायचो. शेवंतीचं फूल उचलायचो आणि ठेवायचो. शेवटी नुसता बेल वाहायला लागलो. घराबाहेर पडलो की कुणी दोघं बोलताना दिसले तरी मला वाटायचं, हेच बोलतायत. एकदा पेंडवाला रस्त्यात दिसला. त्यानं मला नमस्कार केला. त्या नमस्कारानं माझं जेवण गेलं.

मंडळी आली ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. मुलाचा बाप, मध्यस्थ आणि आत्या. बाप भला माणूस, फार कमी बोलणारा. आत्या उंच, वाळकी, डोळे सगळीकडं फिरणारे. तिळगूळ झाला, मुलीनं पाणी दिलं, चार प्रश्न झाले. मी मुलाच्या बापाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाजारात जाऊन आलात का?"

"व्हय, सकाळीच. पेंड बघायची हुती."

माझ्या हातातला तांब्या खाली ठेवताना वाजला. "मग? मिळाली का?"

"मिळाली की. तुमचं नाव निगालं तितं."

आत्या माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणला, तुमच्यावानी घासाघीस करणारा माणूस आख्ख्या सोलापुरात न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो असेन. तेवढ्यात आत्या उठली. "हात धुवायला कुटं गं?" तिनं मुलीला विचारलं, आणि मुलगी तिला परसाकडं घेऊन गेली. मी पाठोपाठ गेलो. यजमानानं बाईमाणसामागं परसात जाणं शोभत नाही हे मला कळत होतं, तरी गेलो.

आत्यानं हात धुतले आणि टमाट्यांपुढं उभी राहिली. "ह्ये लालभडक काय म्हणायचं?"

"टमाटे," मुलगी म्हणाली. "भाजीत घालतात. आंबट असतात."

"लई झाक आल्यात की. आन् काटं कशाला रोवल्यात गं हितं, किल्ला हाय का ह्यो?"

ती हे बोलत असतानाच ते पिवळं कुत्रं आलं. भगदाड बुजवलं होतं, ते दारातून आलं, पाहुण्यांसाठी मी स्वतः उघडं ठेवलेल्या पुढच्या दारातून, घरातून, सगळ्यांच्या पायांमधून. सरळ शेवंतीपाशी गेलं. शेवंतीला मी काटे लावले नव्हते. दोन्ही पायांनी माती उडवायला लागलं.

"हाड, हाड!" मी ओरडलो.

"थांबा वो," आत्या म्हणाली. "काय हुडकतंय ते? फुलझाडाच्या बुडाशी कुत्रं कसं काय उकरतंय?" ती दोन पावलं पुढं झाली. "काय घालताय झाडाला?"

हे तिनं मला विचारलं होतं. माझ्या तोंडात कधी उत्तर कमी पडलेलं नाही. त्या वेळी मी पुन्हा नुसतं 'हाड, हाड' म्हणालो. कुत्र्यानं नाक मातीत खुपसलं होतं. आत्या खाली वाकली. आता ती चिमूट उचलणार, आणि करकंब, सोलापूर, सगळ्या पाहुण्यारावळ्यांत आमचं नाव जाणार, एवढंच मला दिसत होतं. 

मुलगी शांतपणे पुढं झाली. कुत्र्याच्या मानेला धरून तिनं त्याला मागं ओढलं आणि पायानं माती सारखी केली. म्हणाली, "परवा दूध नासलं, आत्या. अव्वा रागावेल म्हणून मीच ते शेवंतीला ओतलं, वरती राख टाकली. त्याच्या वासानं येतं मेलं रोज."

आत्या सरळ झाली. तिच्या चेहऱ्याकडं बघायचं मला धाडस होईना.

"दूध?" ती म्हणाली. "झाडाला?"

"टाकून कुठं द्यायचं?"

"आन् आईला सांगितलं न्हाईस?"

मुलीनं मान खाली घातली. आत्या माझ्याकडं वळली. "बघा. तुमच्या पोरीला आईचा धाक हाय. लई बरं. आमच्या घरात धाक लागतो." मग तिनं हात लांब करून एक पिकला टमाटा तोडला, पदराला पुसला आणि चावला. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं. रस तिच्या हनुवटीवर आला. "आंबूस हाय," ती म्हणाली, आणि सगळा खाल्ला.

जाताना तिनं मध्यस्थाला ओसरीतच सांगितलं, माघात बोलणी करू.

मंडळी गल्लीच्या वळणाआड गेली तेव्हा मी परसात आलो. मुलगी शेवंतीखालची माती हातानं दाबत होती. मी म्हटलं, "दूध कधी नासलं आपलं?"

ती माती दाबतच राहिली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "खत कालवताना दात सापडला. शेळीचा असेल, दाढेकडचा. अख्खा."

"मग दुसऱ्यांदा घातलंस का? मला सांगितलं का नाहीस?"

ती उठून उभी राहिली, पण माझ्याकडं बघत नव्हती. "सांगितलं असतं तर तुम्ही दुकानावर गेला असता. ओरडला असता, त्याला मारलंही असतं. सगळ्यांना कळलं असतं. दुसऱ्यांदा घातलं नसतं तर तुम्ही विचारलं असतं, एवढं भांडून आणलेलं पोतं तसंच का पडलंय म्हणून. मला भीती वाटत होती."

"कुणाची? आत्याची?"

"आत्या मला तेव्हा कुठं माहीत होत्या," ती म्हणाली.

ती हे रागानं बोलली नाही. तिनं हात धुतले आणि आत गेली. मी तिथंच उभा राहिलो. ती दोन महिने माझ्याच घरात, माझ्याच समोर, तोंडावरची रेष न हलवता वावरली होती. मी आठ दिवस भ्यालो तर घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्या भीतीचा मला पत्ताही लागला नव्हता. मला माझ्या मुलीचीच धास्ती वाटली, आणि त्यामागोमाग दुसरी एक गोष्ट वाटली, जिला मी अजून नाव दिलेलं नाही.

पुढच्या वैशाखात लग्न झालं. पेंडवाला लग्नाला आला, पंगतीत बसला, आणि कुणाला काही बोलला नाही. तो का बोलला नाही हे मला कळलेलं नाही, आणि त्याचाही मला राग आहे. त्यानं माझ्यावर ते उपकारासारखं ठेवून दिलं. मी माझ्या तोंडानं त्याच्या बापाबद्दल बोललो ते चूक होतं, हे मी कबूल करतो. पण त्यानं त्याचा सूड माझ्यावर घ्यायचा होता. पूजेच्या फुलावर आणि पोरीच्या हातांवर घ्यायचा नव्हता.

मुलगी जाताना टमाट्याचं बी घेऊन गेली. करकंबला घरामागं तिनं रोपं केली, चाळलेलं शेणखत, गाळलेलं पाणी, सगळं तसंच. आत्याच्या सांगण्यावरून मी एक पोतं पेंड गाडीनं पाठवली. ती दुसऱ्या दुकानातून घेतली, भाव न करता. भर बाजारात गोणपाट अंथरून सगळं पोतं त्यावर पालथं केलं आणि मूठ मूठ करून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "अण्णा, सोनं हरवलंय का?"

आता दरवर्षी थंडीत मी मुलीला भेटायला करकंबला जातो. आत्या आता थकली आहे, पण परसात अजून रोज फिरते. मी गेलो की मला टमाट्यांपाशी घेऊन जाते. झाडं बरी असतात, बऱ्यापैकी लागलेली असतात. तरी ती मान हलवते.

"तुमच्या परसातल्यावानी न्हाई येत बगा," ती म्हणते. "पेंड घालून बगितली. दूध बी घालून बगितलं. काय घालत हुता वो तुमी?"

 मी म्हणतो, मातीचा गुण असतो, आत्याबाई. मुलगी तिथंच वाकून आळ्याला पाणी घालत असते. ती वर बघत नाही. पाणी थोडं थोडं, बुंध्यापासून वीतभर लांब, सगळीकडून सारखं घालत राहते.